प्रोफेसर पाळंदे आणि माझे चार इंच

प्रोफेसर पाळंदे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते देऊळ चाटत होते.

हे मी शोभेसाठी लिहीत नाही. उंबरवाडीच्या महादेवाच्या देवळाची मागची भिंत, सकाळचे नऊ, आणि पुण्याच्या एका कॉलेजातले इतिहासाचे प्रोफेसर धोतर, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री अशा थाटात दोन दगडांमधल्या सांध्याला जीभ लावून उभे होते. डोळे मिटलेले. काढ्याची चव घेणाऱ्या वैद्याचा असतो तसा चेहरा.

"हिरडा आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "उडीद आहे, थोडा. गूळ..." पुन्हा एकदा जीभ लावली. "गूळ जेमतेम. गूळ कुणीतरी वाटेत खाल्लेला दिसतो."

शेजारी कमरेवर हात ठेवून गुरवमावशी उभी होती. नाव कोंडाबाई, पण नवरा गेल्यापासून देवळाची पूजा-झाडलोट तीच बघायची, म्हणून सगळं गाव तिला गुरवमावशी म्हणायचं.

"मास्तर," ती म्हणाली, "देवळाला जीभ लावू नगा. देव उष्टा हुतो."

"मी फक्त चुना बघतोय, मावशी."

"चुना बगायचाय तर माज्या चंचीत हाय. पानासंगं खावा."

हा संवाद मी मंडपाच्या कोपऱ्याला लावलेल्या शिडीवरून डोकावून ऐकत होतो आणि माझ्या हातात सिमेंटने भरलेली थापी होती. तेव्हा आता माझीही ओळख करून द्यायला हवी. मी सखाराम कानडे, लोणावळ्याच्या एका बांधकाम कचेरीतला ओव्हरसियर. ओव्हरसियरच्या परीक्षेत मी दुसऱ्या वर्गात पास झालो होतो. पहिला वर्ग परीक्षकाच्या अज्ञानामुळे हुकला, असं माझं तेव्हा मत होतं. आता नाही.

एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची गोष्ट. सिमेंटची पोती रेल्वेने येऊ लागली होती आणि घरात नवी सून आल्यावर सासू जिला-तिला दाखवत सुटते तसं माझं झालं होतं. पायरी हलली, लाव सिमेंट. हौद गळला, लाव सिमेंट. बायकोच्या पाट्याचा टवका उडाला तोही मी सिमेंटने भरून दिला, आणि आठवडाभर आम्ही कचकच वाजणारी चटणी खाल्ली. अशा माणसाच्या हाती उंबरवाडीच्या मंडपाच्या दुरुस्तीचा हुकूम पडला. उंबरवाडी म्हणजे कामशेतला उतरून इंद्रायणीच्या काठाने वर तासभर चालत गेल्यावर लागणारं गाव. तिथे मी चार दिवसांत मंडपाचा एकूण एक सांधा भरून काढला. काळ्या दगडावर करड्या रंगाचे जाड पट्टे उमटले. महादेवाचंच देऊळ आहे, भस्म फासल्यासारखं शोभून दिसतं, असं मी गावकऱ्यांना पटवलंही होतं.

प्रोफेसर देवळाच्या पुढच्या बाजूला आले आणि वर बघत राहिले.

"हे कुणी केलं?"

आता कौतुक होणार म्हणून मी शिडीवरच जरा ताठ झालो. "मी."

"म्हातारीला विचारलंत?"

मी गुरवमावशीकडे पाहिलं.

"मला कायबी इचारलं न्हाई," मावशी म्हणाली.

प्रोफेसरांनी छत्रीचं टोक एका खांबाला अगदी हळू टेकवलं. "ही म्हातारी. हिला चुन्यातून श्वास घेता येतो. पावसाळ्यात पाणी पिते, उन्हाळ्यात सोडून देते. तुम्ही हिचं नाक-तोंड बंद केलंत. आता पाणी सांध्यातून निघणार नाही, दगडातून निघेल, आणि दगडाचे पापुद्रे सुटतील. पण ते तुम्ही-मी गेल्यावर. तेव्हा तुम्ही लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही." मग त्यांनी कोटाच्या खिशातून वही काढली. "आपलं नाव?"

मी नाव सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं आणि त्या दिवसापासून मला सिमेंटराव म्हणायला लागले.

पुढच्या आठवड्यात आमच्या साहेबांना अकरा पानांचं पत्र आलं. साहेबांनी मला बोलावून त्यातली दोन पानं वाचायला दिली. माझा उल्लेख नावाने कुठेच नव्हता, सगळीकडे 'सदर हात' असा होता. 'सदर हाताने उत्तरेकडील सांधे लिंपले,' 'सदर हातास चुना व चुनखडी यांतील भेद अवगत नसावा.' साहेब शांत गृहस्थ होते. त्यांना दोन गोष्टी आवडत नसत, काम उकरून काढणारी माणसं आणि लांब पत्रं. ते म्हणाले, "कानडे, दर रविवारी जायचं. प्रोफेसर म्हणतील ते करायचं. मला बारावं पान आलेलं चालणार नाही."

अशा रीतीने माझे रविवार गेले.

प्रोफेसर पुण्याहून सकाळच्या गाडीने यायचे, मी लोणावळ्याहून, आणि कामशेतला आमची भेट व्हायची. ते नमस्कार करायचे आणि चालू लागायचे. मी त्यांच्यामागून छिन्नी, हातोडी आणि अपराधी चेहरा घेऊन. चार दिवसांत भरलेलं सिमेंट काढायला मला पाच महिने लागले. छिन्नी जरा जोरात बसली की देवळासमोरच्या उंबराखालून प्रोफेसरांचा आवाज यायचा, "सिमेंटराव, दगडाला इजा नको. त्याचा काही गुन्हा नाही."

इमारतीत ते कधी थेट शिरत नसत. आधी तिच्याभोवती तीन फेऱ्या. देऊळ असो, धर्मशाळा असो, कामशेत स्टेशनचा मालधक्का असो. "अनोळखी बाईच्या घरात शिरावं तसं शिरायचं," ते म्हणायचे, "खाकरून." एकदा मी त्यांना लोणावळ्याला घरी जेवायला बोलावलं. बायको पानं वाढून थांबली आणि प्रोफेसर आमच्या घराला फेऱ्या घालत होते. शेजाऱ्यांना वाटलं, जप्ती आली. आत आल्यावर त्यांनी माझ्या दिवाणखान्यातली कमान पाहिली. ती मी स्वतः बांधलेली, माझ्या अभिमानाची वस्तू.

"ही कमान काय उचलते?"

"काही नाही. शोभेची आहे."

"म्हणजे खोटं बोलते," ते म्हणाले आणि पाट तिच्याखालून सरकवून भिंतीशी नेला. बायकोला ते वाक्य फार आवडलं. पुढे बरीच वर्षं माझ्या बाबतीत तिने ते सोयीनुसार वापरलं.

चुनाही त्यांनीच मला शिकवला. चुना महिनाभर भिजत घालायचा, घाणीच्या दगडाखाली बैल फिरवून-फिरवून तो लोण्यासारखा मऊ करायचा, त्यात हिरड्याचं पाणी, उडदाचं पीठ, गूळ. मी शिकलेला माणूस, ओव्हरसियर, त्या घाणीच्या बैलामागे चालत होतो आणि प्रोफेसर बैलाला 'शाब्बास' म्हणत होते. मला कधी म्हणाल्याचं आठवत नाही. घरातला गूळ वरचेवर संपायला लागला तेव्हा बायकोने विचारलं. देवळाला लागतो म्हटल्यावर तिने नैवेद्य समजून हात जोडले. मी खुलासा केला नाही.

या माणसाची विद्वत्ता किती मोठी हे मला कळायला वेळ लागला, कारण त्यांच्या कॉलेजलाही ते कळलेलं नव्हतं. वास्तुकलेचा इतिहास असा विषयच तिथे नव्हता. त्यांच्या वाट्याला बादशहा आणि त्यांच्या सनावळ्या. तास बादशहाच्या राज्यारोहणाने सुरू व्हायचा, आणि घंटा होईपर्यंत बादशहा महालाच्या दारातच ताटकळत असायचा, कारण चौकटीचं लाकूड कुठलं यावर प्रोफेसर अडकलेले असायचे. मुलं नापास व्हायची, पण सागवान आणि शिसव यांतला फरक जन्मभर विसरायची नाहीत. प्रिन्सिपॉलनी एकदा त्यांना समज दिली. त्यावर यांनी प्रिन्सिपॉलच्या खोलीच्या छताकडे बघत सांगितलं की मधली तुळई उलटी बसवली आहे. ती खरोखरच उलटी होती. त्यामुळे बढती आणखी लांबली.

मावळातल्या दगडी देवळांवर त्यांचं पुस्तक चाललं होतं. सोळा वर्षं चाललं होतं. पहिल्या प्रकरणाचं नाव 'दगड'. ते पुरं झालं होतं असं मला वाटायचं, पण दर पावसाळ्यानंतर ते त्यात दुरुस्त्या करत. "इमारतीला घाई नसते, सिमेंटराव." आणि मग स्वतःशीच हसून म्हणत, "पुस्तकालाही नाही. प्रकाशकाला होती, ते वारले."

सिमेंट निघालं, सांध्यांत चुना भरला, तसे प्रोफेसर मोजमापाकडे वळले. उंबरवाडीचं देऊळ फार तर दोनशे वर्षांपूर्वीचं, असं सगळे विद्वान धरून चालत. प्रोफेसरांचं म्हणणं, ते कितीतरी जुनं आहे. जुने पाथरवट आपल्या एका ठरावीक हाताच्या मापाने काम करत, आणि या देवळाच्या चारही बाजू त्या हाताच्या पटीत नेमक्या बसल्या तर वयाचा पुरावा मिळेल. "एका बोटाचा फरक पडला तरी सगळं कोसळेल," ते म्हणाले. "तुमच्याकडे टेप आहे का?"

माझ्याकडे टेप होती.

तिच्याबद्दल सांगायला मला आजही जड जातं. कचेरीची कापडी टेप, पन्नास फुटी, चामड्याच्या डबीत. एकदा मी तिने सायकलला गठ्ठा बांधला आणि ती चाकात अडकून टोकाला तुटली. साहेबांना कळू नये म्हणून चिंध्या झालेला भाग कापला आणि बाजारातल्या मोच्याकडून पितळी कडी पुन्हा शिवून घेतली. कडी बसली ती चार इंचांच्या खुणेवर. म्हणजे माझ्या टेपने मोजलेलं काहीही चार इंच जास्त भरायचं. कामावर मी मनातल्या मनात चार इंच वजा करत असे. बहुतेक वेळा. लोणावळ्यातल्या दोन मोऱ्या जरा अरुंद का, याचं उत्तर मला माहीत आहे.

टेप धरायची रीत अशी की कडीचं टोक मी कोपऱ्याला दाबून धरायचं आणि प्रोफेसरांनी डबी घेऊन दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आकडा वाचायचा. कडी त्यांच्या हातात कधी यायचीच नाही. पहिल्या रविवारी मी सांगणार होतो. पण त्या दिवशी त्यांना एका खाचेत माझं राहिलेलं सिमेंट सापडलं आणि त्यांचा मूड गेला. म्हटलं, मूड सुधारला की सांगू. पुढच्या रविवारी मूड इतका छान होता की तो बिघडवणं जिवावर आलं. तिसऱ्या रविवारी सांगायला उशीर झाला होता. माणूस खोटं असं बोलत नाही, तो फक्त योग्य रविवारची वाट बघत राहतो.

आणि प्रोफेसर मोजतच राहिले. एक बाजू झाली की पुन्हा तीच. खांबांमधली अंतरं, पायऱ्यांची लांबी, नंदीपासून उंबरठा. दर वेळी नव्या पानावर. मला वाटायचं, विद्वान माणसाची काटेकोर वृत्ती. गुरवमावशी दुपारी आम्हाला ताक आणून द्यायची आणि बघत बसायची. "गेल्या ऐतवारी मापलंता न्हवं ह्यो खांब? येका आठवड्यात किती वाढंल?"

"खात्री केलेली बरी, मावशी," प्रोफेसर म्हणायचे.

सात महिने असे गेले. मग एका रविवारी गाडीची वाट बघताना त्यांनी सहज सांगितलं की कॉलेजात प्राचीन वास्तुकलेची स्वतंत्र जागा निघते आहे. त्यासाठी पुण्याच्या एका विद्वानांच्या मंडळापुढे निबंध वाचायचा आहे. तो आवडला तर जागा त्यांना मिळेल. निबंध उंबरवाडीवर आहे आणि पंधरा दिवसांनी वाचायचा आहे. "पन्नाशीला आलोय," ते म्हणाले. "निवृत्तीआधी एक तरी तास असा घ्यायचाय की ज्यात बादशहा नाही."

त्यांची गाडी गेली आणि मी फलाटावर बसून राहिलो. एका बोटाचा फरक चालणार नव्हता. माझे चार इंच म्हणजे पाच बोटं.

आठवडाभर मला जेवण गेलं नाही. शनिवारी अर्ध्या दिवसाने कचेरी सुटल्यावर मी तडक पुण्याची गाडी धरली. वाटेत देहूरोड येईपर्यंत मी माफीची चार वेगवेगळी भाषणं तयार केली. चारही भाषणांत मोच्याचा दोष बराच होता.

प्रोफेसर पेठेतल्या दोन खोल्यांत एकटेच राहत. भिंतीवर एकही खिळा नव्हता. कोट, पंचांग, आरसा सगळं खुर्च्यांवर टेकवलेलं, त्यामुळे बसायला मला एक स्टूल मिळालं. ते स्टोव्हवर चहा करत होते. मी सगळी भाषणं विसरलो आणि एका दमात बोलून टाकलं. सायकल, चाक, कडी, चार इंच. त्यात मोची आलाच नाही.

ते चहा ढवळत राहिले.

"चार इंच," ते म्हणाले. "बरोबर."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिसऱ्या रविवारपासून."

त्यांनी हात पुसले, कपाटातून एक जुनी वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पान उघडलं ते उंबरवाडीचं. वरचं नाव त्यांच्या हातचं होतं, पण खालचे आकडे दुसऱ्याच कुणाचे. गोल, सावकाश काढलेले, नुकतंच लिहायला शिकलेल्या माणसाचे असावेत तसे. उत्तर बाजू, एकवीस फूट सात इंच. पूर्व. पश्चिम. दक्षिण बाजूपुढची जागा रिकामी होती.

"आमच्या कुटुंबाचं अक्षर," प्रोफेसर म्हणाले.

इतक्या महिन्यांत त्यांनी बायकोचं नाव काढलं नव्हतं. मी त्यांना जन्माचा ब्रह्मचारी समजत होतो, आणि घरी तसं सांगून त्यावर एकदोन विनोदही केले होते.

"यमुना. लग्न झालं तेव्हा तिला अक्षरं यायची, आकडे येत नव्हते. ते मी शिकवले. टेप धरायला कुणी मिळायचं नाही. कॉलेजातली मुलं एका रविवारी यायची आणि दुसऱ्या रविवारी आजारी पडायची. ती म्हणाली, मी येते. सहा वर्षं आली. बेडसे, भाजे, सगळीकडे. पेठेत लोक म्हणायचे, प्रोफेसरांनी बायकोला गवंडीकामाला लावलं." ते जरा हसले. "तिला ते ऐकू यायचं. पदर खोचून यायची. उंबरवाडीला तीन बाजू झाल्या आणि गाडीची वेळ झाली. दक्षिण बाजू पुढच्या रविवारी, म्हणाली. त्याच आठवड्यात तापाची साथ आली."

स्टोव्ह फरफरत होता. त्यांनी तो बंद केला.

"चौदा वर्षं मी तिकडे गेलो नाही. मग कुणीतरी सांगितलं, तिथे दुरुस्ती चालली आहे, सिमेंटने. म्हणून आलो. तुम्ही कडी धरलीत, मी आकडे घेतले, घरी येऊन हिच्या आकड्यांशी ताडून पाहिले. प्रत्येक बाजू चार इंच जास्त. आता देऊळ काही वाढत नाही. ती चुकत नसे. राहता राहिलात तुम्ही."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर काय केलं असतंत?"

"दुसऱ्या दिवशी नवी टेप आणली असती."

"आणि?"

"एका रविवारात सगळं मोजून झालं असतं."

"हं," ते म्हणाले. त्यांनी चहा दोन कपांत ओतला. "मला फक्त दक्षिण बाजू हवी होती, कानडे. बाकीच्या तीन माझ्याकडे होत्या."

सिमेंटराव म्हणाले नाहीत. अशा वेळी शहाणा माणूस काहीतरी चांगलं बोलतो किंवा गप्प राहतो. मी म्हणालो, "चहा फार छान झालाय." त्यात साखर घालायची राहिली होती.

निबंधवाचनाला मी गेलो. हॉलमध्ये वीसेक माणसं होती. प्रोफेसरांनी निबंध सुरेख वाचला. तीन बाजू यमुनाबाईंच्या, चौथी माझी, चार इंच वजा करून, आणि चारही त्या जुन्या हाताच्या पटीत चपखल बसल्या. विद्वान मंडळी माना डोलावत होती. पण पहिल्याच पानावर त्यांनी वाचलं होतं, 'मोजमापे: उत्तर, पूर्व व पश्चिम, कै. यमुनाबाई पाळंदे. दक्षिण, श्री. सखाराम कानडे, ओव्हरसियर.'

नंतर मंडळाचे अध्यक्ष त्यांना बाजूला घेऊन आले, नेमके मी उभा होतो तिथे. भले गृहस्थ होते, त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता.

"पाळंदे, निबंध पहिल्या प्रतीचा आहे. फक्त ती एक ओळ काढा. निवडसमिती विचारणार, या बाई कोण, यांचं शिक्षण काय. घरच्या माणसाच्या मोजमापावर शास्त्र कसं उभं राहील? 'मोजमापे लेखकाने स्वतः घेतली' एवढं लिहा. सगळे तसंच लिहितात."

"मग ते विचारतील, एकट्याने टेप कशी धरली."

अध्यक्ष हसले. "असं कुणी विचारत नाही हो."

"मी विचारलं असतं," प्रोफेसर म्हणाले. "टेपला दोन टोकं असतात. मी एकच धरलं होतं."

या वेळी मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं, निदान माझं नाव काढा. मी म्हणालो नाही. मंडळाच्या नियतकालिकात निबंधाबरोबर माझं नाव छापून येणार होतं आणि बायकोला दाखवायचा अंक मी मनात जपूनही ठेवला होता. देवाने त्याची शिक्षा लगेच दिली. प्रोफेसरांनी ओळ काढली नाही, मंडळाने निबंध छापला नाही. जागा दुसऱ्या एका विद्वानाला मिळाली. ते चांगले गृहस्थ होते असं ऐकलं. उंबरवाडी कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तो काही गुन्हा नाही.

निकाल कळला त्यानंतरच्या रविवारी मी कामशेतला गेलो. प्रोफेसर येतील असं वाटत नव्हतं. मोजायचं काही उरलं नव्हतं, निबंधाचं जे व्हायचं ते झालं होतं. तरी गेलो. पिशवीत पदरमोड करून घेतलेली नवी टेप होती, तीही कशासाठी ते मला सांगता आलं नसतं.

गाडी आली, प्रोफेसर उतरले, त्यांनी नमस्कार केला आणि ते चालू लागले.

उंबरवाडीला पोचल्यावर ते देवळाकडे नुसतेच बघत पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. गुरवमावशीने ताक आणलं. तिने आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि थोड्या अंतरावर जमिनीवर टेकली.

"सपलं का मापायचं?"

"संपलं, मावशी."

"आन् ती नवी जागा मिळनार व्हती म्हनं?"

"नाही मिळाली."

मावशीने चंची सोडली, पानाला चुना लावला, आणि पान हातातच ठेवून म्हणाली, "बाई पुन्यांदा आल्या न्हाईत."

प्रोफेसरांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी तुमाला पयल्याच दिशी वळखलं व्हतं, मास्तर. पर तुमी बाईंचा इषय काडला न्हाई, म्हून मी बी काय बोल्ले न्हाई. लय गोड बाई. पदर खवून हितं उनात हुभी ऱ्हायची. जाताना माज्या चुलीपाशी बसून भाकर खाल्ली व्हती. मला म्हनली, पुढल्या टायमाला आले का तुजं घर बी मापते."

प्रोफेसरांनी ताकाचा पेला पायरीवर ठेवला, तो नीट बसत नव्हता म्हणून पुन्हा उचलला आणि हातातच धरून ठेवला.

"मोजू का?" त्यांनी विचारलं.

"माजं घर? त्यात काय हाय मापन्याजोगं? कुडाच्या भिती आन् शेनाची जिमीन."

"ते मोजल्यावर कळेल."

"मोजा की मग. म्या कुटं न्हाई म्हनते."

ते उठले, मीही उठलो. मावशी घाईघाईने पुढे झाली आणि अंगण झाडू लागली.

तिचं एका खोलीचं घर मोजायला आम्हाला तीन रविवार लागले. चुलीची उंची, कुडाची जाडी, दाराची आडवी फळी, शिंकं टांगलेल्या वाशाची लांबी, सगळं. चौथ्या रविवारी शेजारच्या घराला सुरुवात केली. उंबरवाडीत सत्तावीस घरं होती.